शेठ, तुमचा रस्ता आमच्या टाकीत उतरला

रा. रा. शेठ यांस,


पत्रास कारण की, आपण मार्चमध्ये आमच्या वाडीच्या डोक्यावरच्या डोंगरात लाकूड काढायला जो रस्ता मारलात, तो जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत सुखरूप पोचला. पोच द्यावी म्हणून लिहितो आहे. तांबडी माती, मुरूम, मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंत दगड आणि किंजळीची एक सालीसकट फांदी, एवढा माल उतरवून घेतला. हमाली वाडीतल्या बायकांनी केली. ती तुमच्या खाती मांडून ठेवली आहे.

पत्र उघड लिहावं लागतंय, कारण तुमचा पत्ता नाही. ट्रकवर देवाचं नाव होतं, मालकाचं नव्हतं. पोकलेनचा ऑपरेटर परप्रांतातला पोरगा. मालक कोण म्हणून विचारलं की तो मुकादमाकडे बोट दाखवायचा आणि मुकादम खाली बाजारपेठेकडे. एप्रिलपर्यंत मुकादम पहिल्या रिंगला फोन उचलायचा. मे अखेरीस शेवटची गाडी घाटाखाली गेली आणि तो जो कव्हरेजच्या बाहेर गेला, तो अजून आत आलेला नाही. गावात सगळे तुम्हाला शेठ म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो.

आधी अभिनंदन करतो. आमच्या वर, डोंगराच्या दुसऱ्या टप्प्यावर, धनगरवाडा आहे. तिथं रस्ता व्हावा म्हणून अर्ज देऊन देऊन लोकांचे हात दुखले. साहेब येऊन पाहून गेले, खालूनच मान वर करून म्हणाले, उतार फार आहे, कातळ आहे, इस्टिमेटात बसत नाही. बाई अडली किंवा कुणाला सापाने डसलं तर आजही चार माणसं बांबूला चादर बांधून डोली करतात आणि खाली आणतात. त्याच उतारात, त्याच कातळात तुम्ही आठवडाभरात रस्ता काढून दाखवलात. ना निविदा, ना नारळ, ना पुढाऱ्याचा फोटो. पहिले दोन दिवस धनगरवाड्यातली म्हातारी माणसं दारात उभी राहून पोकलेनचा आवाज जवळ जवळ येताना ऐकत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

रस्ता धनगरवाड्याच्या अलीकडे अर्ध्या मैलावर थांबला. तिथं मोठी झाडं संपतात.

नुसता थांबला असता तरी चाललं असतं. पण जाताना तो जुन्या पाखाडीला, म्हणजे आमच्या पायऱ्यांच्या वाटेला, तीन ठिकाणी कापून गेला. जांभ्याच्या चिऱ्यांची ती पाखाडी कुणी बांधली हे कुणालाच आठवत नाही, इतकी जुनी. आता पाखाडीने उतरणारा माणूस तुमच्या रस्त्याच्या वरच्या कडेशी येऊन उभा राहतो, पुढे बारा फुटांची सरळ तोडलेली भिंत. डोलीवाल्यांना तिथं रोगी खाली ठेवून, दोर लावून उतरवावा लागतो. म्हणजे रस्ता झाल्यामुळे जाण्यायेण्याची सोय बंद झाली. असा रस्ता बांधणारे देशात तुम्ही एकटेच नाही हे ठाऊक आहे. पण आमच्या वाट्याला तुम्ही आलात.

कागदपत्रांबद्दल मी तुमच्यावर अजिबात आळ घेणार नाही. कागद चोख असणार याची खात्री आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन नावापुरती, जंगल बहुतेक खाजगी. सातबारा सामायिक, त्यावर चाळीसेक नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेली विरार-नालासोपाऱ्याला. कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाची खोली घ्यायची असते, कुणाला डॉक्टरने ऑपरेशन सांगितलेलं असतं. तुमचा माणूस स्टॅम्पपेपर घेऊन त्यांच्या दारात जातो, उक्ता सौदा करतो आणि पंचवीस-तीस वर्षं वाढलेलं रान एका सहीत उभ्याउभ्या विकलं जातं. वाट्याला येणारा आकडा ऐकून एका चाकरमान्याने मला विचारलं, "एवढ्याला तर आमच्याकडे फ्लॅटच्या खिडकीला ग्रील येत नाही, बरोबर आहे ना हा भाव?" मी काय सांगणार! त्यांच्यावर राग काढायला सोपं आहे, पण डोंगरातल्या वरकस जमिनीचे पैसे करायचा दुसरा रस्ता त्यांना कुणी दाखवलेला नाही. सरकारनेही नाही. तुम्ही निदान त्यांच्या घरी गेलात.

मग झाडांची मोजणी होते. 1964च्या झाडतोडीच्या कायद्याला सोळा प्रकारच्या झाडांची यादी जोडलेली आहे: साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. बेहडा त्या यादीत नाही. आमच्या डोंगरात ककणेराची, म्हणजे धनेशाची, जोडी घरटं करायची ते झाड बेहड्याचंच होतं. पन्नास-साठ फुटांवर ढोली, मादी आत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली, नर बाहेरून चोचीने फळं भरवणारा. तुमचा तोडीचा हंगाम आणि तिचा अंड्यांचा हंगाम एकच. पण यादीत नाही म्हणजे नाही, इथं तुमची चूक काढता येत नाही. याच कायद्यात विनापरवाना तोडीला 1964 साली दंड ठेवला तो हजार रुपयांपर्यंत. तेव्हा हजाराला मान होता. आज तेवढ्यात पोकलेन तासभरही हलत नाही.

तर झाडं मोजली गेली, ओंडक्यांवर हातोडे पडले, वाहतुकीचे पास निघाले. रस्ता कुठल्या कागदावर आहे, शेठ? अर्जात झाडांचा रकाना आहे, रस्त्याचा नाही. तुम्ही त्या नसलेल्या रकान्यातून अख्खं पोकलेन आत नेलंत, याबद्दल माझ्या मनात खरोखरीचा आदर आहे.

विचारलं तेव्हा मुकादम म्हणाला होता, रस्ता कुठला, पायवाट जरा रुंद केली. त्या रुंद केलेल्या पायवाटेचं गणित मी आमच्या नववीतल्या पोराला घातलं. डोंगराचा उतार एकास एक, म्हणजे एक फूट आत गेलं की एक फूट वर. ट्रकला बारा फूट रुंदी हवी. मग आतल्या अंगाला भिंत बारा फुटांची होते आणि दर फुटामागे बहात्तर घनफूट डोंगर काढावा लागतो. एका किलोमीटरला दोन लाख छत्तीस हजार घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे 2,360 ब्रास. जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) प्रमाणे गौण खनिज परवानगीवाचून काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. घराच्या पायाला दोन ब्रास मुरूम आणणाऱ्याचा ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात महिनाभर उभा असलेला मी पाहिलाय. तुमचे हे ब्रास कुणाला दिसले नाहीत, कारण तुम्ही ते विकले नाहीत. नुसते खाली ढकलून दिलेत.

पोराने पुढे एक प्रश्न विचारला, तो तुमच्या ऑपरेटरने विचारायला हवा होता. सुटी माती पस्तीस-छत्तीस अंशांच्या वर ढिगात राहत नाही, घरंगळते. डोंगर पंचेचाळीस अंशांचा. मग ढकललेली माती थांबणार कुठे? थांबली नाहीच. उरलेल्या झाडांच्या बुंध्याला छातीएवढी जाऊन टेकली, आणि जिथं झाडं नव्हती तिथं बाहेरच्या कडेला तुम्ही फांद्या, बुंधे, जाळीजुळी टाकून त्यावर माती पसरलीत आणि त्यालाच रस्त्याची अर्धी रुंदी समजलात. मे महिन्यात त्यावरून भरलेले ट्रक गेले, हे खरं आहे. फांद्या तेव्हा हिरव्या होत्या. आता खाली कुजायला लागल्यात, वरची माती बसत चाललीय, आणि कडेला लांबलचक भेग पडलीय, हात आत जाईल एवढी.

झाडं तोडली म्हणून मी गळा काढत नाही, हे ध्यानात घ्या. आमच्या बापजाद्यांनीही रान तोडलं आहे. कोळशाच्या भट्ट्या याच डोंगरात लागायच्या, कोळसा मुंबईला जायचा. पण कुऱ्हाडीने तोडलेल्या किंजळीच्या बुडख्याला पावसाळ्यात फुटवे येतात, ऐनालाही येतात. बुडखा जिवंत म्हणजे खालची मुळं जिवंत, आणि मुळं जिवंत तोवर माती धरलेली. काही वर्षांनी त्या रानात पुन्हा शेकरू उड्या मारायला लागायची. ओंडके रेड्यांच्या जोड्या ओढून आणत, त्याच्या घसरटीवर दोन पावसांत गवत यायचं. तुमच्या रस्त्यात जे झाड आलं ते तुम्ही तोडलं नाहीत, उपटलंत, मुळासकट. रस्त्याच्या पट्ट्यात आता ना बुडखा, ना माती. काळा कातळ उघडा पडलाय. त्याला फुटवे यायला किती वर्षं लागतात हे तुमच्या धंद्यात माहीत असेल तर कळवावं.

आता पाण्याकडे येतो, कारण वाडीला तुमची ओळख पाण्यामुळेच झाली.

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक रचलेले. काही थर भेगाळलेले, काही घट्ट. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या, भाजलेल्या मातीचा पट्टा असतो. पावसाचं पाणी वरच्या भेगांतून मुरत खाली येतं, या पट्ट्याशी किंवा घट्ट कातळाशी येऊन अडतं, मग आडवं सरकत उताराला बाहेर निघतं. त्यालाच आम्ही झरा म्हणतो. आमच्या वाडीचा झरा मे अखेरपर्यंत करंगळीएवढा का होईना वाहायचा. त्याच्या तोंडाशी एक चौकोनी टाकी, तिथून काळा पाइप डोंगर उतरून वाडीत. मोटर नाही, वीजबिल नाही, उताराने आपोआप येणारं पाणी. टँकरवर जगणाऱ्या गावांना आमचा हेवा वाटायचा.

तुमच्या पोकलेनला काळा पत्थर लागला तिथं ब्रेकर लावावा लागला, तासागणिक भाडं चढत होतं. मग एके ठिकाणी नरम लागलं. ऑपरेटर खूश. त्याने तो नरम पट्टा धरला आणि रस्ता त्यातूनच पुढे नेला. तो पट्टा तोच, शेठ. डोंगराने पाणी जिथं साठवून आडवं वळवलं होतं, तिथंच तुम्ही तीनशे-चारशे फूट लांब चीर दिलीत. आता पाणी झऱ्याला येत नाही, तुमच्या भिंतीतून पाझरतं, रस्त्यावर उतरतं आणि ट्रकच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्यांतून धावत सुटतं. रस्त्याला गटार नाही, मोरी नाही, पाणी बाजूला काढायला एक आडवा उंचवटा नाही. पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, ओलांडायचा होता तिथं तुम्ही पाइप टाकायचे कष्ट घेतले नाहीत. पऱ्यातच ओंडके आडवे टाकून वर माती भरलीत. जुलैच्या त्या रात्री पऱ्याने तो बांध डोक्यावर घेतला आणि सरळ खाली आणला. वाटेत आमचा पाइप गेला, टाकी भरली. सकाळी एका आजीने टाकीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाली, "आता काय, पाणी चावून प्यायचं?"

तुम्ही म्हणाल, डोंगरात रस्ता म्हटलं की असं व्हायचंच. नाही व्हायचं. घाटरस्ता आखायला माणसं शिकली त्याला दीड-दोनशे वर्षं झाली. बोरघाटातून गाडीरस्ता 1830 साली सुरू झाला. त्याच घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. रेल्वेला वाट सापडेना तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला ती दाखवली, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे, पण त्यातलं शहाणपण खरं आहे: गुरं जिथून चढतात तो चढ बघावा. वीस फुटांना एक फूट चढवावा, ओलसर जागा टाळावी, वळणावर पाणी बाहेर काढून द्यावं, पऱ्याला त्याची जागा सोडावी. तुमचा रस्ता काही ठिकाणी चार फुटांना एक फूट चढतो, कारण वळसा घ्यायचा तर लांबी वाढते आणि लांबी वाढली की पोकलेनचे तास वाढतात. आणि मुळात रस्ताच कशाला? ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडात अशा उभ्या उतारावर लोखंडी दोर ताणून ओंडके उचलतात आणि वरच्यावर हव्या त्या जागी नेऊन ठेवतात, जमिनीला ओरखडा कमीत कमी. तेवढा खर्च तुमच्या सौद्यात बसत नाही म्हणता? बरोबर आहे. खर्च आम्ही करतोय म्हणून तर तुमचा सौदा बसतो.

आमच्या टाकीत मावला नाही तो माल पुढे वाशिष्ठी नदीला गेला. 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर तुमच्याही लक्षात असेल, तिथल्या बाजारपेठेत तुमची कुणाशी तरी उठबस असणारच. त्यानंतर नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे सरकारी यंत्रं पात्रात उतरली. म्हणजे वर डोंगरात एक पोकलेन गाळ तयार करणार, खाली नदीत दुसरं पोकलेन तो उपसणार. वरच्याचं डिझेल तुमचं, खालच्याचं आमच्या करातून. पोकलेनवाल्यांच्या संघटनेने तुमचा सत्कार करायला हरकत नाही.

हा डोंगर खचेल का, असं विचारलं तेव्हा मुकादम हसला होता. म्हणाला, पेपर वाचून घाबरू नका. दरडींबद्दल पेपरमध्ये काय वाचलं ते सांगतो. माळीण, 30 जुलै 2014, दीडशेवर माणसं गेली. तळिये, 22 जुलै 2021, ऐंशीहून अधिक. इर्शाळवाडी, 19 जुलै 2023 ची रात्र. यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे: "तिथं कुठे माझा रस्ता होता?" नव्हता. मान्य. तुमचा रस्ता नसतानाही या डोंगरातलं रान आणि माती एका रात्रीत खाली येऊ शकते, एवढंच त्यातून मला कळलं. आमच्या इथं ते सोपं व्हावं म्हणून तुम्ही पायथ्याशी आधार कापून, वर भेग पाडून आणि पाणी वळवून ठेवलंत. आता वाडीतली चार घरं रात्री शाळेत झोपायला जातात. शाळेत पंखा नाही, एवढीच त्यांची तक्रार आहे; ती तुमच्याकडे नाही, मुख्याध्यापकांकडे आहे.

सरकारचं म्हणाल तर तिथंही तुम्हाला घाई करायचं कारण नाही. पश्चिम घाटावर गाडगीळ समितीचा अहवाल 2011 साली आला, कस्तुरीरंगन समितीचा 2013 साली. मग संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. सहावा 2024 च्या जुलैत निघाला. तोवर तुमचाही सहावा डोंगर झाला असेल. यात पहिला नंबर कुणाचा येतो ते बघू.

एक मात्र सांगायचं राहिलं. परवा तुमच्या रस्त्याच्या तोंडाशी एक चकचकीत गाडी येऊन थांबली. पांढरे बूट घातलेली दोन माणसं उतरली, ड्रोन उडवला, खाली आली आणि मला विचारू लागली, "वरपर्यंत अ‍ॅप्रोच आहे ना?" मी म्हटलं, आहे की, पावसाळ्यात तो स्वतःच खाली येतो, तुम्हाला वर जायची गरज नाही. ते हसले नाहीत. त्यांच्या हातात नकाशा होता आणि त्यावर आमचा डोंगर दहा-दहा गुंठ्यांत आखलेला होता. लाकडात तुम्ही किती मिळवलंत मला माहीत नाही, पण रस्ता मागे तसाच का सोडलात, मेमध्ये पऱ्यातली माती का काढून घेतली नाहीत, आडवे चर का मारले नाहीत, याचा उलगडा मला तेव्हा झाला. लाकूड संपलं तरी रस्ता विकायचा बाकी आहे.

ग्रामसभेत आम्ही विषय घेतलाय. पाखाडी पूर्ववत बांधून देणे, पऱ्या मोकळा करणे, बाहेरच्या कडेची माती आणि फांद्या काढणे, रस्त्यावर दर पन्नास फुटांवर पाणी काढून देणारे आडवे चर, झऱ्याची टाकी आणि नवा पाइप. आणि हे सगळं झाल्यावर रस्त्याच्या तोंडाशी दगडी बांध घालून तो कायमचा बंद करणे. तुमचं नाव ठाऊक नसल्यामुळे ठरावात 'संबंधित ठेकेदार' असं लिहिलंय. नाव कळवलंत तर दुरुस्ती करून घेऊ. धनगरवाड्याने मात्र दुरुस्ती सुचवली, की रस्ता बंद करण्याआधी तो अर्धा मैल पुढे, नीट आखून, वाड्यापर्यंत आणता येईल का ते बघावं. सभेत त्यावर बराच वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, आणि मला स्वतःला धनगरवाड्याचं म्हणणं चूक वाटत नाही.

कळावे.
आपला,
टाकी उपसणारा एक गावकरी

ता. क. टाकीच्या गाळात पोकलेनच्या बकेटचा एक दात सापडला. चांगला वजनदार आहे, नवा घ्यायचा तर तुम्हाला भुर्दंड पडेल. माझ्या पडवीत ठेवलाय. मुकादमाला पाठवू नका, स्वतः या. पावती फाडून, सही घेऊन, नाव-पत्ता लिहून घेऊनच देणार आहे.